उतरणीचं गिऱ्हाईक

१

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला संशयाची सवय लागते. लोकांच्या लेखी लिफ्ट चालू असते नाहीतर बंद असते. मला मात्र ती चालू असली तरी तिचा आवाज ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. बायको म्हणते, तुम्ही माणसांचं बोलणंही तसंच ऐकता, आता कुठे खुट्ट होतंय म्हणून. खोटं नाही ते. दादाचं फोनवरचं ‘सगळं ठीक आहे रे’ मला कधी सरळ वाटलंच नाही, म्हणून शेवटी मीच त्याला आणायला निघालो.

दादा माझा थोरला भाऊ. त्याने लग्न केलं नाही आणि गावही सोडलं नाही. आमचे वडील डोंगरावरच्या देवळापर्यंत डोली वाहायचे, त्यांच्यामागे दादा वाहू लागला. डोली म्हणजे उंच पाठीची वेताची खुर्ची, तिला बांधलेले दोन लांब दांडे, आणि दांड्यांखाली चार माणसं. ज्याला डोंगर चढवत नाही त्याला खुर्चीत बसवून वर न्यायचं आणि देव बघून झाला की खाली आणून सोडायचं. माझे खांदे त्या कामाचे नव्हते. मी शहरात गेलो आणि बटण दाबून माणसं वर-खाली करायचा धंदा धरला, असं दादा सगळ्यांना सांगतो.

डॉक्टरांनी दादाला बजावलं होतं की हृदय थकलंय, आता ओझं बंद. आमच्या घरातली मागची खोली आम्ही त्याच्यासाठी मोकळी केली. बायकोने पडदे शिवले. चिंगीने, म्हणजे आमच्या मुलीने, आपली चित्रं भिंतभर चिकटवली आणि काका कधी येणार म्हणून रोज डोकं खाल्लं. दादा म्हणायचा, येतो, जरा हातातलं काम संपू दे. आता गंमत अशी की डोंगरावर रोपवे सुरू झाला होता. पाळण्यात बसून माणसं हसत-खेळत वर जात होती. डोलीला कुत्रं विचारत नव्हतं. मग याच्या हातात काम कसलं होतं?

२

बसमधून उतरलो आणि मी आपल्याच गावात चुकलो. डोलीवाल्यांच्या ओट्याच्या जागी गाड्यांचा तळ झाला होता. दगडी पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी बसवली होती, दुकानांना काचा आल्या होत्या. आणि बघावं तिकडे लॉज. ओळखीच्या प्रत्येक घरावर दोन-दोन मजले चढले होते आणि घरातली माणसं खाली जिन्याजवळच्या अंधारात सरकली होती.

दादाच्या खोलीत दोघांनी झोपायचं तर कूस बदलण्याआधी एकमेकांना विचारावं लागतं. म्हणून मी आधी लॉज बघायला गेलो. हंगाम नव्हता, रस्त्यावर परकं माणूस औषधाला दिसत नव्हतं. तरी पहिल्या लॉजने सांगितलं, जागा नाही. दुसऱ्याने तेच. तिसऱ्याने तर मी तोंड उघडायच्या आत मान हलवली.

पिवळ्या लॉजचा मालक शाळेत माझ्या बाकावर बसायचा. मला बघून तो खूश झाला, चहा मागवला, पोटावरून माझी थट्टा केली. खोलीचं काढताच त्याचा आवाज एकदम खाली आला. दोन उरल्यात, म्हणाला, पण त्या सांगून ठेवल्यात. बोलताना तो जिन्याकडे बघत होता, वर कुणीतरी झोपलेलं असावं तसा.

हात धुवायचं निमित्त करून मी वर गेलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं. दाराबाहेर चपला नव्हत्या. बोळाच्या टोकाच्या गच्चीत एक टॉवेलही वाळत नव्हता. मी एका दाराला हलकेच हात लावला, आतून कडी होती. पुढच्यालाही होती. रिकाम्या लिफ्टचा आणि भरलेल्या लिफ्टचा आवाज वेगळा असतो, ती थांबलेली असली तरी वेगळा असतो, हे मी कुणालाही समजावून सांगू शकलेलो नाही. तो बोळ भरलेला होता.

मी मनाशी हिशेब लावला की कुणा बड्या माणसाने सगळ्या खोल्या अडवून ठेवल्या असणार. त्याशिवाय दुसरं काय असेल? असा विचार करत मी जिना उतरलो. शेवटच्या काही पायऱ्या जरा भराभरच उतरलो.

३

दादा वाळला होता. मला बघून त्याचे डोळे भरले, आणि मग लगेच तो माझ्या बॅगेवरून बोलायला लागला. सदरा बदलताना त्याचा खांदा दिसला. दांड्याचा वळ ताजा होता, कातडी सोलवटली होती.

कुणाला वाहतोस, असं मी विचारलं. तो म्हणाला, असतं एखादं गिऱ्हाईक. कोण असतं, तर म्हणाला, गिऱ्हाइकाला कुणी विचारतं का. आणि पाठ करून झोपला. मी रात्रभर जागा होतो असं नाही म्हणणार, पण मनात एकच चाललं होतं. वरून काहीतरी चोरून आणतायत. जुन्या मूर्ती असतील, नाहीतर रानातलं लाकूड. दादाच्या सरळपणाचा कुणीतरी फायदा घेतंय.

दुसऱ्या दिवशी तो पोचायच्या आधीच मी त्यांची डोली गाठली. नव्या फरशीच्या कडेला, जुन्या वाटेच्या तोंडाशी ती उभी होती. मी खुर्चीची गादी उचलून बघितली, वेत चाचपला, दांडे वाजवून बघितले. दांडे भरीव होते. लपवायला जागा कुठेच नव्हती, आणि त्याने माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

बाकीचे तिघे आले. त्यांतल्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणतात, तो वडिलांच्या वेळचा. मामाने मला ओळखलं, पण विचारपूस केली नाही. दादा आला तेव्हा मी दुकानाच्या आडोशाला होतो. चौघांनी रिकामी डोली उचलली आणि गप्पा मारत जुन्या वाटेने वर निघाले. मी रोपवेने गेलो.

देवळामागे डोलीवाल्यांचा वरचा ओटा आहे. तिथे आता कुणी फिरकत नाही, गवत माजलंय. मी भिंतीच्या खिंडारातून बघत होतो. त्यांनी डोली ओट्याला लावून ठेवली आणि चौघेही तिच्याकडे पाठ करून दरीकडे तोंड करून उभे राहिले. कुणी बिडीसुद्धा पेटवली नाही. वारा पडला होता, ऊन चांगलं लख्ख होतं. बऱ्याच वेळाने मामाने मागे न बघता विचारलं, “बसलात नीट?”

मग त्यांनी दांडे खांद्यावर घेतले. खुर्ची रिकामी होती, मी डोळे फाडून बघत होतो. पण दांडे वाकले. वजन उचलताना माणसाचे गुडघे कसे सरळ होतात ते मला कळतं. नाटक करणाऱ्याचे गुडघे वेगळे वागतात, आणि हे नाटक नव्हतं.

४

मी अंतर ठेवून मागे चालत राहिलो. जुनी वाट कड्याला चिकटून उतरते, एका अंगाला सरळ दरी. उतरताना बसलेला माणूस घाबरतो. घाबरून एका बाजूला कलला तर चौघांनाही घेऊन जातो. म्हणून मागचा उजवा जो असतो त्याने सारखं बोलत राहायचं, अशी या कामाची रीत आहे. वडील मागचे उजवे होते. ते आम्हाला सांगायचे, देवाबिवाचं बोलू नये, माणूस आणखी घाबरतो. घराचं बोलावं. दार कुठे, खिडकी कुठे, कोण कुठे झोपतं. माणूस मनाने घरात शिरला की दरी विसरतो.

आता मागचा उजवा दादा होता आणि तो बोलत होता. वळणावळणाने त्याचा आवाज मला तुटक ऐकू येत होता. “पिवळी इमारत आहे. पहिला मजला. खिडकीतून डोंगर दिसतो. खाट भिंतीला लावलेली आहे. दाराला आतून कडी आहे, कुणी त्रास देणार नाही.” पुन्हा तेच, पहिल्यापासून. रिकाम्या खुर्चीशी तो इतक्या मायेने बोलत होता. वाटलं, हृदय राहू दे, याचं डोकंच गेलंय, आणि आम्ही फोनवर हवापाण्याचं बोलत बसलो.

डोली पिवळ्या लॉजच्या दारात टेकली. चौघांनी पुन्हा पाठ फिरवली. लॉजवाला, माझा बाकावरचा मित्र, जिन्यावर तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उभा होता. जिना अरुंद आहे. तो हळूच भिंतीला चिकटला आणि पोट आत घेऊन थांबला, समोरून कुणी जाणार असलं की थांबतात तसा. मग त्याने वाट करून दिलेल्या जागेकडे न बघता, हाताने केस सारखे केले. वर दार लागल्याचा आवाज आला.

मामाने डोली एका हाताने उचलून भिंतीला टेकवली.

५

त्या संध्याकाळी मी दादाला धरलं. ओरडलो नाही, पण कमी बोललोही नाही. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, पहिल्यांदा आम्ही रिकामे उतरत होतो, तेव्हा वरच्या ओट्यावरून कुणीतरी हाक मारली. हाक मारली की थांबायचं, एवढंच आम्हाला शिकवलंय. वळून बघितलं तर कुणी नव्हतं आणि खुर्ची जड झाली होती. मग रोजच. कोण आहेत, किती दिवस तिथे थांबलेत, त्याला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं. एवढंच कळलं होतं की जिथली खोली सांगावी तिथे ते उतरतात, आणि उतरले की खोलीतच राहतात.

“नाही गेलास तर?” मी विचारलं.

“एकदा नाही गेलो,” दादा म्हणाला. “त्या दिवशी ते चालत आले. जो पहिला दिसला त्याच्या घरी. मामाची सून दिसली होती.”

मामाच्या सुनेचं काय झालं ते मी विचारलं नाही. दादाच्या चेहऱ्याकडे बघून विचारवेना. माझी अक्कल मला सांगत होती की चार दमलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना वेड लावलंय. तीच अक्कल त्या वाकलेल्या दांड्यांपाशी येऊन गप्प बसत होती.

मग त्याने मला हवं होतं ते सांगितलं. गावातल्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. पिवळ्या लॉजमधली जिन्याजवळची एकच उरली होती, ती उद्या. त्यानंतर सांगायला जागाच नाही, मग डोली मोडायची असं चौघांचं ठरलं होतं. परवा सकाळच्या बसने तो माझ्याबरोबर येणार होता. त्याने खुंटीवरचे कपडे काढून घड्या घातल्या, चिंगीसाठी ठेवलेली लाकडी डोली फडक्यात गुंडाळली. हातभर लांबीची, त्याने स्वतः कोरलेली. मला इतका आनंद झाला की मग ते चालत आले तर काय, हे आणि बाकीचं सगळं मी उद्यावर ढकललं.

सकाळी त्याला पायऱ्या उतरताना चक्कर आली. ओठ काळेनिळे पडले. मी त्याला पिवळ्या लॉजच्या ओसरीवर बाकावर झोपवलं, डॉक्टर येऊन सुई देऊन गेले आणि हलायचं नाही म्हणून सांगून गेले. मामा आला. मग माझ्या खांद्यांकडे बघत म्हणाला, चौथा लागतोच.

दादाने माझं मनगट पकडलं. “जिन्याजवळची खोली. तेवढंच बोल. दुसरं काही मनात आणू नकोस.”

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडं हसूच येत होतं. मनात आलं, एवढं एक ओझं उतरवलं की दादा आपला.

६

वर जाताना दांडा पिसासारखा हलका होता. वरच्या ओट्यावर मीही दरीकडे तोंड करून उभा राहिलो. समोर रोपवेचे पाळणे सरकत होते, त्यांतून कुणीतरी लहान मूल हात हलवत होतं. मामाने विचारलं, “बसलात नीट?” आणि आम्ही उचलली.

वजन खांद्यावर आलं आणि माझं हसू गेलं. ते कुठल्या सामानाचं वजन नव्हतं. सामान गप्प असतं. हे श्वास घेतल्यासारखं किंचित मागे-पुढे होत होतं.

मागच्या माणसाला खुर्चीची फक्त पाठ दिसते. वेताची वीण, मध्ये जरा बाहेर आलेली, कुणी पाठ टेकून बसल्यावर येते तशी. मी तिच्याकडे न बघायचा प्रयत्न केला, पण दुसरीकडे दरी होती. मी बोलायला सुरुवात केली. पिवळी इमारत, जिन्याजवळची खोली. पुढे काय सांगू? ती खोली मी आतून बघितलीच नव्हती. खिडकी आहे की नाही तेही ठाऊक नव्हतं. खाट आहे, म्हणालो. भिंत आहे. माझं मलाच ते खोटं वाटलं आणि मी अडखळलो.

डोली कलली. आधी थोडी, मग बरीच, दरीच्या बाजूला. कुणीतरी खुर्चीतून वाकून खाली बघत असावं तशी. पुढच्या माणसाचा पाय घसरला, खडे खाली गेले आणि त्यांचा आवाजही आला नाही. “बोल,” मामा दात आवळून म्हणाला. “बोल रे, काहीतरी बोल.”

वडील जे बोलायचे तेच माझ्या तोंडून निघालं. घराचं. दार उघडलं की समोर बैठक, डाव्या हाताला स्वयंपाकघर, बायको तिथे असते. मागे एक खोली, मोकळी केलेली. पडदे निळे. भिंतीवर चित्रं आहेत, मुलीने काढलेली. मी थांबूच शकत नव्हतो. शहराचं सांगितलं, गल्ली सांगितली, मजला सांगितला. दुपारी ऊन कुठे पडतं ते सांगितलं. आम्ही वाट बघतोय, असंही म्हणालो, कारण दादाला फोनवर मी दर वेळी तसंच म्हणायचो.

डोली सरळ झाली.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि वेताकडे नजर गेली. वीण जिथे पाठीने बाहेर आली होती तिथे आता सपाट होती. तिच्या बरीच वर, माझ्या तोंडासमोर, एक लहानसा गोल फुगवटा आला होता. नाक नव्हतं त्याला, कपाळ नव्हतं. वेताला गाल आणि कान लावला की येईल तेवढाच. मी बोलत होतो तिकडे तो आणखी दाबला गेला, वेत कुरकुरला.

त्यानंतर मी डोळे मिटून चाललो. बसतळाच्या वळणावर, लॉज अजून लांब असताना, दांडा खांद्यावरून एकदम वर उडाला. खुर्ची हलकी झाली होती. तिघेही थांबले. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.

७

दादा बाकावर उठून बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता. लॉजवाला दारात उभा होता, तो म्हणाला, माझ्याकडे कुणी आलं नाही बाबा, खोली तशीच आहे. आणि त्याला हसू लपवता येईना.

दादाने मला जवळ बोलावलं. “कुठली खोली सांगितलीस?”

मला उत्तर द्यावं लागलं नाही. लहानपणापासून तो माझा चेहरा वाचतो. त्याने फक्त माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. मी फोन काढून घरचा नंबर लावला. शहर इथून दिवसभराच्या वाटेवर आहे, मी मनाला सांगत होतो. दिवसभराची वाट आहे, बसने.

बायकोने लगेच उचलला. आवाजात लटका राग होता. “अहो, तुम्ही कुठे राहिलात? भावजी तर केव्हाचे आलेत.”

दादा माझ्या शेजारी बसून ऐकत होता. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

“तू बघितलंस त्याला?” मी विचारलं.

बघितलं नव्हतं. बेल वाजली तेव्हा ती पोळ्या लाटत होती, चिंगीने दार उघडलं. ती हात धुऊन बाहेर येईतो भावजी खोलीत गेले होते आणि कडी लावून घेतली होती. दमले असतील म्हणून तिने हाक मारली नाही. जेवायची वेळ होईतो पडू देत, म्हणाली.

“चिंगी कुठंय?”

“त्यांच्या दाराशीच बसलीय मांडी घालून. मघापासून नुसती टकळी चालू आहे. ते बिचारे एका शब्दाने मध्ये बोलत नाहीत, सगळं ऐकून घेतायत.”

मी म्हणालो, तिला उचल आणि आत्ताच्या आत्ता घराबाहेर हो. की म्हणायला गेलो, आणि आवाज फुटला नाही, ते मला आज सांगता येत नाही. बायकोने फोन तिच्या दिशेने धरला असावा. चिंगीचा आवाज लांबून येत होता, समजूतदार, एकसारखा, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. असं बोलायला तिला आम्ही कुणीच शिकवलं नव्हतं.

“काय सांगतेय ती?” दादाने विचारलं. बायकोला तो माझाच आवाज वाटला.

“शाळेचं,” ती हसत म्हणाली. “वर्ग केवढा मोठा आहे, आणि कोण कुठे बसतं ते.”